तेलाच्या जाहिरातीतले अप्पा

आमच्या भागातली मेलेली माणसं सगळी एकाच कोटात आहेत. काळा कोट, आत पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली गुंडी. मंठ्याच्या स्टुडिओत असे दोन-तीन कोट कायम तयार असायचे. कापडाचे नव्हेत, फोटोतले. माणूस गेला की घरात शोधाशोध व्हायची, ह्याचा एखादा फोटो आहे का बघा. मग कुठल्या तरी लग्नातला, घोळक्यात उभा असलेला, निम्मा दुसऱ्याच्या खांद्यामागे गेलेला असा एखादा सापडायचा. स्टुडिओवाला त्यातलं तोंड तेवढं कापून घ्यायचा, कोटावर बसवायचा, मागे निळा पडदा द्यायचा, केस जरा काळे करायचा, गालांवर थोडं मांस चढवायचा. जन्मभर बंडी-धोतरात राबलेला माणूस भिंतीवर गेला की तालुक्याचा वकील दिसायला लागायचा. आमच्या शेजारच्या घरात दोघे सख्खे भाऊ भिंतीवर आहेत. कोट तोच, पडदा तोच, तोंडं तेवढी वेगळी. लहानपणी मला वाटायचं, मेल्यावर माणसाला कोट मिळतो.

ह्यात खोटं काही आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही वाटलं नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोक चुकचुकतात, किती फसवेगिरी वाढली म्हणतात. मला त्यांचा कंटाळा येतो. आमच्या भिंती आधीपासून तशाच होत्या.

माझे वडील, अप्पा, भिंतीवर नव्हते. ते मेले नव्हते. म्हणजे मेले असतीलही, आम्हाला माहीत नव्हतं. ते निघून गेले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट आहे, मी तेव्हा कॉलेजात होते. विहिरीवरच्या मोटारीला काहीतरी सामान लागतं, वाटूरला जाऊन आणतो, असं आईला सांगून सकाळी निघाले. फाट्यावर कुणीतरी त्यांना चहा पिताना पाहिलं. त्यानंतर कुणीच पाहिलं नाही. वाटूर फाट्यावरून चहूकडे गाड्या जातात. जालना, परतूर, मंठा, जिथं जायचं तिथं. त्यामुळं कुठल्या दिशेनं शोधायचं हेसुद्धा धड ठरवता आलं नाही.

लोक विचारतात, कर्ज होतं का? नव्हतं. घरात भांडण? नव्हतं. डोक्यावर परिणाम? नव्हता. बाईची भानगड? हे जरा आवाज उतरवून विचारतात. माहीत नाही, पण बाईची भानगड असलेला माणूस आदल्या दिवशी बसून गोठ्याचं काट्याकुट्यांचं कुडाण नीट करत नाही. कारण असल्याशिवाय माणूस जात नाही असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. मग मी त्यावर विचार करणं सोडून दिलं. सोडून दिल्यावर बरं वाटलं असंही नाही, काही वाटेनासं झालं इतकंच.

काकांनी पुष्कळ शोधलं. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून त्यांचं घर. ते औंढ्याला जाऊन आले, परळीला जाऊन आले, जिथं जिथं घरातून निघालेली माणसं जातात म्हणतात तिथं जाऊन आले. ठाण्यात वर्दी दिली. दोन-तीन वर्षांनी तेही थांबले. आई मात्र काही शोधायला गेली नाही. ती घरात होती तशी राहिली. कपाळावर कुंकू, ठसठशीत, पूर्वी लावायची तेवढंच. आणि रोज संध्याकाळी एक भाकर जास्तीची. ती टोपल्यात झाकून ठेवायची, सकाळी गाईला घालायची. ह्याच्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. काकू एकदा म्हणाली, "जाऊबाई, एक भाकर उगंच वाया जाऊन राह्यली." आईनं तिच्याकडं बघितलंही नाही.

आमच्यात माणूस असा बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाच्या पानांचा माणूस करतात. पानं रचून हात, पाय, धड, आणि डोक्याच्या जागी नारळ. त्याला रीतसर अग्नी देतात, दहावं-तेरावं करतात, आणि मग तो माणूस मेला. त्या दिवसापासून त्याची बायको विधवा. त्याच्या नावानं पितरांत पान वाढता येतं. हे होत नाही तोवर तो ना इकडचा ना तिकडचा. काकांना हीच गोष्ट खात होती. पितृपंधरवड्यात सगळ्यांची पानं वाढून झाली की ते अंगणात उभे राहायचे आणि म्हणायचे, "सगळे जेवले, माहा भाऊच तेवढा उपाशी." काका वाईट माणूस नव्हते. त्या दिवशी ते स्वतःही नीट जेवत नसत.

मी तोवर जालन्याला राहायला आले होते. एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर जाहिराती लावायचं काम करत होते. जालन्यात बियाण्यांचा धंदा मोठा, त्यामुळं हंगामाआधी आम्हाला मान वर करायला फुरसत नसायची. पत्रकं, पाकिटं, रंगीत तक्ते. आमचे शेठ मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या जालन्यात, इकडची बोली आमच्यापेक्षा चोख. पत्रकाचा नमुना हातात घेऊन ते बघायचे आणि म्हणायचे, "ताई, इथं जागा मोकळी दिसून राह्यली. दोन समाधानी शेतकरी टाका."

समाधानी शेतकरी टाकणं हे माझ्या कामातलं सगळ्यात सोपं काम होतं. "मी गेली तीन वर्षे हेच बियाणे पेरतो. उत्पन्न चांगले मिळाले. शेजाऱ्यांनाही सांगितले." एवढं लिहायचं, खाली एक नाव, एक गाव, गाव जरा लांबच्या जिल्ह्यातलं. फोटोंची एक सीडी आमच्याकडे होती. पण त्यातले शेतकरी गोरेपान, चौकड्याचा शर्ट, गवताची टोपी, हातात टोमॅटो. शेठ म्हणाले, "ह्याला आपली टोपी घाला." घातली. तो आणखीच विचित्र दिसायला लागला, नाटकात काम करणाऱ्या साहेबासारखा. मग तालुक्यांचे स्टुडिओवाले कामाला आले. त्यांच्याकडे आपल्याकडची तोंडं असायची, शेकड्यानं. ते सीडी भरून द्यायचे. कुणाची तोंडं आहेत, त्यांना विचारलं का, हे आम्ही त्यांना विचारत नव्हतो. मला तेव्हा ह्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं का, असं कुणी विचारलं तर काय सांगावं मला कळत नाही.

बारा वर्षं होत आली तशी काकांनी विधीची तयारी सुरू केली. आईला न विचारता. त्यांच्याकडे अप्पांचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात अप्पा कडेला उभे आहेत आणि कुणी हाक मारल्यासारखे बाजूला बघताहेत. तो घेऊन काका मंठ्याला गेले. स्टुडिओत आता कात्री-ब्रश जाऊन कॉम्प्युटर आला होता. स्टुडिओवाल्यानं अप्पांना कोटात बसवलं, नजर सरळ केली, गाल भरले, दाढीची खुंटं पुसली. काका फ्रेमची ऑर्डर देऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, फोटू लय झ्याक आलाय."

आई जात्यापाशी काहीतरी निवडत बसली होती. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "जित्या मानसाचा फोटू भितीला लावाचा न्हाई," ती म्हणाली. "ह्या घरात तर बिलकुल न्हाई."

काका तिच्यापुढं वाद घालत नसत. फ्रेम आणायला कुणी गेलं नाही. विधी पुढं ढकलला. फोटो तिकडंच, मंठ्याला, त्या कॉम्प्युटरमध्ये राहिला. आईनं तो पाहिला नाही आणि मीही पाहिला नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत काकांचा मोठा मुलगा पुण्याहून आला. तो कॉम्प्युटर कंपनीत होता, दिवसभर इंटरनेटसमोर बसायचा. येताना त्यानं एक रंगीत कागद आणला होता, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून. मी तोवर जालन्याहून निघालेच नव्हते. मी पोचायच्या आत त्यानं तो कागद आईला दाखवूनही टाकला. मला आधी दाखवला असता तर? हा प्रश्न मी त्याला एकदा विचारला. तो म्हणाला, "अगं पण ही आनंदाची गोष्ट नव्हती का?" त्याच्या दृष्टीनं होतीच.

कागदावर इंटरनेटवरून छापून घेतलेली सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात होती. वर बाटली, खाली "आमचे समाधानी ग्राहक" आणि त्याखाली चार जणांचे फोटो. त्यातला दुसरा फोटो अप्पांचा. काळा कोट, पांढरा सदरा, निळा पडदा. नाव भलतंच. गाव विदर्भातलं. आणि शेजारी लिहिलेलं: "अनेक वर्षे मला उठता-बसता त्रास होत असे. आता मी रोज शेतात जातो. माझी पत्नी दररोज रात्री हे तेल लावून देते. आम्ही दोघे समाधानी आहोत."

मी घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. कागद मांडीवर. तिला अक्षरं लावून वाचता यायचं, पण ती म्हणाली, "तू वाच." मी वाचलं. "परत वाच." मी परत वाचलं. "माझी पत्नी" ह्या शब्दांशी तिनं हात वर केला, तेवढं पुरे म्हणून.

"तेल लावून देती म्हनं," ती म्हणाली. "मला कव्हा पायाला हात लावू देला न्हाई. गुडघे दुखतेत म्हनून कव्हा सांगितलं न्हाई."

मी तिला समजावलं. हे खोटं आहे, मी स्वतः दिवसभर हेच लिहिते, माझ्या हातानं लिहिते. फोटो स्टुडिओतून घेतात आणि खाली काहीही लिहितात.

"फोटू खोटा हाय का?"

"फोटो खरा आहे. अप्पांचाच आहे. बाकी सगळं खोटं."

"फोटू खरा हाय ना? मंग झालं."

"आई, तो कोट बघ ना. मंठ्याचा कोट आहे तो. शेजारी दोघं जण त्याच कोटात आहेत."

"कोट कोन्हाचाबी सारखाच असतो," ती म्हणाली. "त्याहीनं घेतला आसंल."

माझं डोकं फिरलं. मी ओरडले तिच्यावर. काकांनीही सांगितलं, वहिनी, हा मीच काढून घेतलेला फोटू, मीच कोट निवडला. आई त्यांना म्हणाली, "तुमाला काय, तुमाला त्याहीला जाळायची जल्दी झाली." काका उठून गेले. अंगणातल्या पणत्या तेवढ्या जळत राहिल्या, आम्ही कुणी फराळाला बसलो नाही.

त्या संध्याकाळी तिनं जास्तीची भाकर केली नाही.

मी ते पाहिलं. मला वाटलं विसरली असेल. दुसऱ्या दिवशीही केली नाही. तिसऱ्या दिवशी गाय सकाळी सवयीनं दाराकडं तोंड करून उभी होती, तिला कडबा टाकला. आणि मग आई बोलायला लागली. जेवढी वर्षं गप्प होती तेवढं सगळं. सरपण तोडताना, धुणं धुताना, शेणाच्या गोवऱ्या थापताना ती अप्पांना शिव्या घालायची. घरात मोटार बंद पडलेली, जवारी उभी, पोरगी लग्नाची, आन् हा बाबा कोटात बसून तेल लावून घेऊन राह्यला. त्या बाईलाही सोडायची नाही. कोन हाय, कुठली हाय, जवान आसंल, तिला काम ना धंदा, बसली चोळीत. काकू तोंडाला पदर लावून हसायची. शेजारणी मुद्दाम विषय काढायच्या. आईला त्याचं काही नव्हतं. तिनं बाजारातून नव्या बांगड्या भरून घेतल्या, हिरव्यागार, दोन्ही हात भरून. "नवरा जिता हाय माहा," ती बांगडीवाल्यालाही सांगून आली.

खरं सांगायचं तर ती बरी दिसत होती. जेवायला लागली होती. अंगावर जरा भरली होती.

तिला त्या गावी जायचं होतं. त्या नावाची विदर्भात तीन गावं निघाली. मी न्यायला नकार दिला, काकांनी नकार दिला. मग ती म्हणाली, निदान ते जिथं दिसतेत तिथं तरी ने. ती दिवाळीनंतर पहिल्यांदा जालन्याला आली तेव्हा मी तिला बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत नेलं. लाकडी फळ्या लावून केलेल्या खोल्या, आत एक कॉम्प्युटर, एक खुर्ची. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि मी मागे उभी राहिले. पान उघडायला वेळ लागायचा. आधी बाटली यायची, मग वरून खाली हळूहळू एकेक माणूस. अप्पा आले की ती पुढं सरकायची.

"तब्येत बराबर दिसती," ती पहिल्यांदा म्हणाली. बस, एवढंच.

त्यानंतर ती दर महिन्याला येऊ लागली. मला भेटायला म्हणून यायची, पण पिशवी खोलीत टेकवली की, "चल, जाऊन येऊ." कॅफेतला पोरगा तिला ओळखायला लागला. तिथं ती शिव्या घालत नसे. घरच्या गोष्टी सांगायची. मी मागे उभी आहे हे विसरून, हळू आवाजात. कोपऱ्यातली लिंबं लागली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुमच्या भावाची कंबर धरली, त्याला सांगा काहीतरी. मी भिंतीवरच्या फळीला टेकून ऐकायची. माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. माझा त्या वेळी मनाशी हिशेब चालू असायचा, उद्या कुठलं पत्रक द्यायचंय, कुठला रंग चुकलाय. एकदा मात्र तिनं विचारलं, "तिला माहीत आसंल का माहं?" आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

हे असं किती दिवस चालायचं? गावात थट्टा होत होती. काका रोज फोन करायचे, पोरी, तिला समजाव, पितृपंधरवडा जवळ आला. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मी स्वतः तोंडं उचलून समाधानी माणसं करत होते, ते चालत होतं. पण अप्पांच्या तोंडून कुणीतरी माझ्या आईला सांगत होतं की त्यांना दुसरी बायको आहे. ते थांबायला पाहिजे होतं. इतका सरळ विचार होता. त्याच्या पुढं काय होईल हे माझ्या मनात आलं नाही.

मी मंठ्याला गेले. स्टुडिओवाला म्हातारा झाला होता. त्यानं मला ओळखलं नाही. अप्पांचा फोटो सांगितला तशी त्याची कळी खुलली. "तो व्हय! लय भारी चेहरा. न्यायाला कोन्ही आलं न्हाई, मंग पडून व्हता. औरंगाबादच्या जाहिरातवाल्यानं चेहरे मागितले, मी धा-बारा देले, त्यानं तुमचाच पयला उचलला." त्यानं चहा सांगितला. तो अगदी प्रेमानं बोलत होता. ह्या माणसाच्या तोंडावर भरवसा बसतो, तो म्हणाला, म्हणून निवडला. मला त्याच्याशी भांडता आलं नाही. हा माझ्या वडिलांचा फोटो आहे आणि तो काढा, एवढंच मी म्हणाले. त्याचा चेहरा उतरला. "वारले का?" "माहीत नाही." त्यानं माझ्यासमोर औरंगाबादला फोन लावला, हात जोडल्यासारखा बोलला, आणि मला म्हणाला, "होऊन जाईल काम." मी चहा पिऊन निघाले. पुढं रब्बीच्या पत्रकांची घाई सुरू झाली आणि मी ते विसरूनही गेले.

आई त्यानंतर आली तेव्हा भाद्रपद लागला होता. आम्ही नेहमीप्रमाणे कॅफेत गेलो. ती खुर्चीवर बसली, बांगड्या मागे सारल्या, पदर नीट केला. पान उघडलं. बाटली आली. पहिला माणूस आला. मग दुसरा.

गोरा म्हातारा. पांढरे केस, सगळे दात पांढरेशुभ्र, अंगात निळा स्वेटर, मागे हिरवळ. आमच्या दुकानातल्या सीडीत हा माणूस होता. मी त्याला दोनदा वापरला होता, एकदा चष्म्याच्या दुकानासाठी.

आई बघत राहिली. तिला वाटलं अजून पान पुरतं आलं नाही. ती थांबली. मग म्हणाली, "हे कोन?"

"कोणी नाही. असाच एक माणूस आहे."

"मंग हे कुठं गेले?"

"काढला फोटो. मी काढायला सांगितलं."

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं नाही. स्क्रीनकडंच बघत म्हणाली, "वाच."

मी वाचलं. अनेक वर्षे मला उठता-बसता त्रास होत असे. आता मी रोज शेतात जातो. माझी पत्नी दररोज रात्री हे तेल लावून देते. नाव तेच होतं, गाव तेच होतं, एक अक्षर बदललं नव्हतं.

"ह्योबी तेच म्हनून राह्यला?"

"हो."

"ह्याचीबी बायको?"

"आई, कुणाचीच बायको नाही. हे कुणीच बोललेलं नाही."

बाहेर बसस्टँडवरून गाड्यांची नावं पुकारत होते, परतूर, मंठा, लोणार. शेजारच्या फळीमागं कुणी पोरं हसत होती. मला वाटलं आता ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी इतके महिने तिला जे पटवत होते ते तिला त्या दात काढून हसणाऱ्या म्हाताऱ्यानं एका क्षणात पटवलं होतं, आणि मला ते बघवेना.

"म्हंजे तुहे अप्पा काहीच बोलले न्हाईत," ती म्हणाली.

"नाही."

"बारा वर्सांत काहीच कळवलं न्हाई त्याहीनं."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, जिभेनं ओलं केलं आणि कपाळावरून फिरवलं. एकदा, दोनदा. कुंकू पुरतं निघालं नाही, भुवयांपर्यंत फासलं गेलं. मी तिचा हात धरायला पुढं झाले. तिनं माझा हात बाजूला केला, जोरात नाही, लहान मुलाचा करतात तसा. परत पदर ओला केला, परत पुसलं. मग ती म्हणाली, "काकाला फोन लाव. म्हनाव, पळसाचे पानं आना."

मी फोन लावला. काकांनी लगेच उचलला. ते हॅलो हॅलो करत राहिले आणि मी तिच्या फासलेल्या कपाळाकडं बघत राहिले. शेवटी आईनंच फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना सांगितलं.